नायिकेच्या डोळ्यातला धोतरा

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तीन उन्हाळ्यांपूर्वी इंग्रजी अमदानीतली एक खुनाची कादंबरी लिहायला घेतली. नायिका बॅरिस्टरची बायको. मेजवान्या, क्लब, मोत्यांच्या कुड्या आणि स्वतःच्या डोळ्यांचा भारी गर्व. तिच्याच घरी जेवताना एक पाहुणा मरतो, आळ येतो आचाऱ्यावर. बाई त्याला सोडवायला निघते, पण दया येऊन नव्हे. नवा आचारी शोधायचा तिला कंटाळा.

ऐकायला एकट्या माझ्या मोठ्या जाऊबाई. मेहकरला आमची घरं शेजारीशेजारी. दुपारी तांदूळ निवडत त्या ऐकायच्या.

"ही बाई मले बिलकुल आवडून नाही राह्यली."

"मंग थांबू का?"

"थांबतं कायले? वाच."

पण मीच अडले. विष आचाऱ्याच्या पातेल्यात नव्हतं, पाहुण्याच्या ताटात मागाहून पडलं, हे ही बाई सिद्ध कसं करणार? प्रयोगशाळा मुंबईला, आणि आचाऱ्याचा खटला तोंडावर. दोन महिने वही उघडली नाही.

मग जाऊबाईंना डोळे दाखवायला चिखलीला नेलं. डॉक्टरांनी थेंब टाकले. परतीच्या एसटीत ऊन लागून त्या वैतागल्या.

"काहीच दिसून नाही राह्यलं वं! काय टाकलं त्यानं?"

मी वाकून पाहिलं. बाहुल्या ह्या एवढ्या मोठ्या. अशीच बाहुली पसरवणारं द्रव्य धोतऱ्यात असतं, हे मी वर्गात कितीदा सांगितलं होतं!

"धोतरा!" मी ओरडलेच.

कंडक्टरनं वळून पाहिलं. "बाई, त्या गावाले ही गाडी नाही जात."

अख्खी गाडी हसली. सगळ्यात जास्त मी.

घरी आल्याआल्या प्रकरण लिहिलं. नायिका पाहुण्याच्या ताटातल्या आणि पातेल्यातल्या उरलेल्या भाजीचा रस वेगवेगळा गाळते, आपल्या मांजरीच्या एकेका डोळ्यात एकेकाचा थेंब टाकते, ताटातल्या रसानंच बाहुली पसरते. दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं, तर जाऊबाईंनी तांदळाचं ताट बाजूला सारलं.

"मांजरीच्या काऊन? त्या मुक्या जीवानं हिचं काय बिघडवलं? टाक म्हणाव सोताच्या डोयात!"

मी हसले, पण बरोबर होतं त्यांचं.

पान फाडलं. आता ती ताटातल्या रसाचा थेंब स्वतःच्या उजव्या डोळ्यात टाकते, पातेल्यातल्याचा डाव्या, तेही मोठ्या मेजवानीच्या दिवशी. एक बाहुली बारीक, एक टपोरी, अशी साऱ्या बायकांसमोर मिरवत जाते आणि पोलीस साहेबाला म्हणते, बघा. आचारी सुटतो. दुसऱ्या दिवशी वरणात मीठ कमी म्हणून ती त्याला झापते.

जाऊबाई पदर तोंडाशी धरून हसत सुटल्या. "हाये वंगाळच! पन हिंमतीची हाये." मग उठल्या आणि गल्लीतल्या तिघींना हाक मारून आल्या.

"पह्यल्यापासून वाच," त्या म्हणाल्या. "ह्यायलेही ऐकू दे."

"पन खून केला कोनं?" एकीनं बसतानाच विचारलं.

"ते शेवटी समजते," जाऊबाई ठसक्यात म्हणाल्या.

मी पान उलटलं. ते अजून माझंही ठरलं नव्हतं.