नऊ वेळा आत, एकदाही बाहेर नाही

काटेकाकांचा संशय हा मुळात पगारी संशय होता. दगडाच्या खाणीबाहेरच्या वजनकाट्यावर त्यांनी एकतीस वर्षं काढली, म्हणून गल्लीने त्यांचं नावच काटेकाका पाडलं. ट्रक रिकामा आला की एक वजन, भरून निघाला की दुसरं, आणि दोहोंतला फरक म्हणजे दगड. इतकं सरळ काम, पण ड्रायव्हर मंडळी ते सरळ राहू देत नसत. रिकाम्या ट्रकचं वजन जास्त भरावं म्हणून कोणी केबिनमध्ये दोन धष्टपुष्ट मेहुणे बसवून आणायचा, कोणी ताडपत्रीखाली पाण्याचं पिंप दडवायचा. काका खिडकीतून चाकांवरच्या स्प्रिंगांकडे एकदा बघायचे आणि म्हणायचे, "मेहुण्यांना खाली उतरव." मेहुणे उतरायचे.

निवृत्तीनंतर पगार थांबला, संशय चालू राहिला. सकाळी दुधाची पिशवी तळहातावर धरून ते म्हणत, "पंधरा ग्रॅम कमी आहे." काकू म्हणत, "मग तुमच्या चहातलंच कमी करते, म्हणजे हिशेब जुळेल." काकूंनी या माणसाबरोबर संसार केला होता तो हसत हसत, कारण दुसरा मार्ग वकिलाकडे जात होता.

गल्लीची गोष्ट अशी, की ती एका तोंडाची. शिरायचं ते औषधवाल्याच्या दुकानाजवळून, मध्ये एक वळण, आणि शेवटी गोदामाची आंधळी भिंत. त्या भिंतीला लागून बाइंडरचं घर आणि खाली त्याचा पुस्तकं बांधायचा कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, पण बाइंडर तिला कारखानाच म्हणत असे. काका आणि बाइंडर यांची मैत्री अठ्ठावीस वर्षांची. गल्लीत काकांना 'अरे काट्या' म्हणणारा हा एकच माणूस, आणि ज्याच्याकडे जाताना काका संशय घरी ठेवून जात असाही हा एकच.

त्या वर्षी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीची चारही चाकं चोरीला गेली. सकाळी पाहतात तर गाडी विटांवर, एखाद्या देवळाच्या चौथऱ्यावर बसवल्यासारखी. आठवड्याभरात दोन स्कूटरच्या बॅटऱ्या गेल्या. चौकीवर सांगितलं गेलं, "नंबर सांगा, आम्ही बघतो." नंबर कोणाकडेच नव्हता. मग गल्लीने वर्गणी काढून नंबरपाट्या वाचणारे दोन कॅमेरे घेतले आणि औषधवाल्याच्या भिंतीवर बसवले. एक येणाऱ्या गाडीची पुढची पाटी वाचायचा, दुसरा जाणाऱ्या गाडीची मागची. पाटी वाचली की नंबर, वेळ आणि फोटो काकांच्या फोनवर. पाटी दिसली नाही तर काहीच नाही. वर्गणीत तेवढीच अक्कल बसली होती.

यादीवर नजर ठेवायचं काम काकांकडे आलं, दुसऱ्या कोणाकडे येणारच नव्हतं. त्यांनी लगेच एक वही केली. डावीकडे 'आत', उजवीकडे 'बाहेर'. आत आलेली प्रत्येक गाडी बाहेर गेली पाहिजे, हे काट्याचं शास्त्र.

"फोनमध्ये सगळं आहे ना? मग परत लिहिता कशाला?" काकू विचारायच्या.

"फोनवर कोणी विश्वास ठेवावा?"

वर्गणी सगळ्या घरांनी दिली, एका बाइंडरने दिली नाही. "माझ्याकडे कोण येतं, कोण जातं ते मला पाठ आहे," तो म्हणाला. "लिहून ठेवण्याजोगं त्यात काही नाही." त्याच सुमारास त्याने काकांकडे संध्याकाळच्या चहाला येणंही सोडलं. काका बोलवायला गेले की दाराआडूनच, हात मागे बांधून म्हणायचा, "काम आहे रे." काकांनी मनाची समजूत घातली, की कॅमेऱ्यांवरून रुसला असेल.

आणि मग वहीत ती करडी गाडी सापडली. दर मंगळवारी, दर शनिवारी, दुपारी साडेबाराच्या सुमाराला आत. उजवीकडचा रकाना कोरा. पुन्हा आत, पुन्हा कोरा. पाच आठवड्यांत नऊ वेळा आत आणि एकदाही बाहेर नाही. गल्लीत तर एकही करडी गाडी मुक्कामाला नव्हती. म्हणजे ती जात होती, पण नंबर लपवून जात होती. साडेबारा ही वेळही अशी, की निम्मी गल्ली कामावर आणि उरलेली निम्मी, खुद्द काकांसह, जेवून आडवी.

काकांनी हे औषधवाल्याला सांगितलं, ही त्यांची चूक. औषधवाला खोकल्याच्या बाटलीबरोबर बातमीही बांधून देत असे.

"काका, थांबते कुठे ती?" डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं. त्या गल्लीच्या समितीच्या अध्यक्ष.

"माहीत नाही. वळणापलीकडे जाते."

"वळणापलीकडे चारच घरं. तिघांनी वर्गणी दिली आहे." बाईंनी उरलेल्या चौथ्याचं नाव घेतलं नाही, दात काढण्यापूर्वी काढतात तसा आवाज मात्र काढला. "रविवारी सभा आहे. तुमची वही आणा. तिथून नंबर आणि ते घर, दोन्ही चौकीवर देऊ. मग जे काय आहे ते तिथे सांगतील."

काका घरी आले ते जेवलेच नाहीत. बाइंडरला चौकीवर नेतील! चार शिपाई त्याच्या दारात येतील, आणि ते आले असतील काकांच्या अक्षरातल्या वहीवरून. मैत्री तर जाईलच, पण पुस्तकांच्या पाठी शिवण्यात जन्म घालवलेल्या माणसाला शेजारीपाजारी चोरांचा साथीदार म्हणतील. आणि समजा... इथे काकांची एकतीस वर्षं जागी झाली. समजा तो खरंच असला तर? वर्गणी का दिली नाही? चहाला का येत नाही? हात मागे का बांधतो? हातात काय असतं?

"तुम्हाला बाइंडरभावोजींचा संशय येतो?" काकू ताट झाकत म्हणाल्या. "मग आता माझाच तेवढा राहिला."

"तुझा पूर्वीच घेऊन झालाय," काका म्हणाले, पण हसले नाहीत.

शनिवारी ते झोपले नाहीत. बारा वाजताच वळणावरच्या बंद शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर वर्तमानपत्र घेऊन बसले. वर्तमानपत्र उलटं होतं हे त्यांच्या लक्षात आलं ते एका कुत्र्याने निरखून पाहिलं तेव्हा. साडेबाराला करडी गाडी आली. चालवणारी बाई, चाळिशीची, जाड चष्म्याची. गाडी सरळ बाइंडरच्या दाराशी थांबली आणि शटर अर्धं वर गेलं.

दहा मिनिटांनी आतून दोघं बाहेर आली ती एक लोखंडी दाबयंत्र ओढत. पुस्तकं दाबून ठेवायचा तो प्रेस काका अठ्ठावीस वर्षं बघत होते. त्यांनी तो डिकीत चढवला. डिकी काही मिटेना, म्हणून बाईने झाकण तसंच वर ठेवून दोरीने बांधलं. गाडीचं मागचं अंग खाली बसलं आणि झाकणावरची नंबरपाटी आभाळाकडे तोंड करून राहिली.

काका उभे राहिले. कॅमेऱ्याला पाटी दिसणार कशी? रिकामी येत होती, भरून जात होती. फरक म्हणजे माल. पण हा चोरीचा माल आत येत नव्हता, घरचा बाहेर जात होता.

गाडी गेली. काका सरळ शटरखालून वाकून आत घुसले.

"काय चाललंय हे, बाइंडर?"

बाइंडर दचकला. खोली निम्मी रिकामी झाली होती. जिथे कागद कापायचं यंत्र असायचं तिथे जमिनीवर नुसता एक स्वच्छ चौकोन होता.

"पाळत ठेवतोस काट्या?"

"ठेवतो. विकतोयस?"

"देतोय. माझ्याकडे शिकली ती, पंधरा वर्षांमागे. आता स्वतःचं काढलंय तिने. एकदम नेलं असतं तर टेंपो आणावा लागला असता, गल्ली गोळा झाली असती. म्हणून थोडं थोडं."

"पण का?"

बाइंडरने पाठीमागचे हात पुढे आणले. दोन्ही हात थरथरत होते. वाऱ्याने पान हलावं तसे नव्हे, आतून कोणी मोटर चालू ठेवल्यासारखे. काका त्या हातांकडे बघत राहिले. या हातांनी सोन्याचा वर्ख फुंकर न लागू देता पुस्तकाच्या पाठीवर बसवलेला त्यांनी पाहिला होता.

"चहाची कपबशी वाजते माझ्या हातात," बाइंडर म्हणाला. "तुझ्या बायकोने काय झालं म्हणून विचारलं असतं. मग औषधवाल्याने विचारलं असतं. गल्लीला कळलं की उद्यापासून सगळे माझ्या हातांकडे बघतील रे, माझ्याकडे कोणी बघणार नाही. दोन यंत्रं राहिलीत. तेवढी गेली की मीच सांगेन, माझ्या सवडीने. तोवर कोणाला बोलू नकोस."

"उद्या सभा आहे," काका म्हणाले. "तुझं घर चौकीवर कळवणार आहेत."

"मग?"

"मग काही नाही. बघतो."

सभा डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत भरली. भिंतीवर किडलेल्या दाढेचं भलंमोठं चित्र होतं, त्यामुळे तिथल्या सभांत फारसं कोणी तोंड उघडून हसत नसे. पंधरा-सोळा माणसं, काकू दुसऱ्या रांगेत.

"हं, काटेकाका. त्या गाडीचं?"

काकांनी रात्रभर तीन उत्तरं तयार केली होती. ती तिन्ही त्या दाढेकडे बघताना विरघळली. बाइंडरचं खरं सांगायचं नव्हतं, आणि न सांगितलं तर चौकी. तेव्हा त्यांच्या तोंडून चौथंच निघालं.

"ती गाडी माझ्याकडे येते."

औषधवाला खुर्चीतून अर्धा उठला.

"तुमच्याकडे?" औषधवाला म्हणाला. "मग आठवडाभर सगळ्यांना संशय का घ्यायला लावलात?"

"विसरलो होतो."

"नऊ वेळा?"

"वय झालं."

"चालवणारी एक बाई आहे म्हणे," मागून कोणीतरी म्हणालं. "चष्म्यातली. आमच्या सासूबाईंनी पाहिली आहे."

"हो. बाई आहे."

"मंगळवारी आणि शनिवारी, दुपारी साडेबाराला?" डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक शब्द वेगळा तपासून घेतला. "कशासाठी?"

"खासगी आहे."

आता सगळ्या माना काकूंकडे वळल्या. साडेबाराला आपला नवरा पोटावर हात ठेवून घोरतो, हे काकूंना गेली कित्येक वर्षं कानांनी ठाऊक होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम आणि हातात ती वही, घट्ट धरलेली. खोटं बोलण्याची सवय नसलेला माणूस.

"येते," काकू म्हणाल्या. "माझ्या माहितीत येते. चहा मीच करते तिला. आणखी काही?"

आणखी काही कोणाला विचारवेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तरी नंबर लपवून जाणं बरं दिसत नाही," आणि वही औषधवाल्याकडे सोपवण्याचा ठराव झाला. कोणाचाच हात खाली राहिला नाही. काकांनी स्वतःविरुद्ध स्वतःचाही हात वर केला.

घरी येईपर्यंत काकू दोन पावलं पुढेच चालत होत्या. कुलूप काढता काढता म्हणाल्या, "कोण ती?"

"सांगता येत नाही."

"मला?"

"माझं असतं तर सांगितलं असतं."

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जन्मभर दुसऱ्यांकडे तसं पाहणाऱ्या काकांना ती नजर आपल्याकडे वळली की कशी लागते हे प्रथमच कळलं. जेवायला वाढलं गेलं, पण वरणात मीठ नव्हतं, आणि ते विसरलेलं नव्हतं.

पंचाईत पुढेच होती. गाडी काकांकडे येते म्हटल्यावर तिला काकांच्या दाराशी थांबणं भाग होतं, आणि यंत्रं होती बाइंडरकडे. मंगळवारी सव्वाबाराला काकांनी गोदामातून माल वाहायची चाकांची पाटगाडी मागून आणली. बाइंडरकडची पुस्तकं शिवायची चौकट तिच्यावर ठेवली, कपाटातून हाताला लागली ती चादर टाकून झाकली, आणि भर दुपारी गल्लीतून ढकलत निघाले. बाइंडर शटरमागे उभा होता, हात मागे. "काट्या, लोक काय म्हणतील तुला!"

"म्हणू दे. तू बाहेर येऊ नकोस."

वळणाशी चाक खड्ड्यात अडकलं. गच्चीवर डॉक्टरीणबाई. कोपऱ्यावर औषधवाला, दुकान सोडून, नवी कोरी वही उघडून.

"काका, काय नेताय?"

"सामान."

"कोणाचं?"

"माझं."

"झाकलंय का?"

"ऊन लागतं त्याला," काका म्हणाले, आणि औषधवाल्याने ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

काका ढकलत होते, चाक हलत नव्हतं. तेवढ्यात पाटगाडीचं दुसरं टोक कोणीतरी उचललं. काकूंनी पदर खोचलेला होता. त्यांनी चादरीचा एक कोपरा वर केला, आतली लाकडी चौकट पाहिली, ती कोणाच्या खोलीत उभी असायची ते त्यांना कळलं की नाही हे चेहऱ्यावरून समजलं नाही. कोपरा त्यांनी पुन्हा नीट खाली खोवला, औषधवाल्याला दिसणार नाही असा.

"मी काही विचारत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण निदान चादर तरी जुनी घ्यायची होती. ही पाहुण्यांची आहे. चला, ओढा."