सातीला सगळ्या नऊ

वाटूरच्या चतुराबाईचं लग्न गावातल्या गावातच झालं. दोन आळ्या ओलांडल्या की सासर. असल्या बाईला माहेरपण कुठून मिळणार? पण नागपंचमीला तिच्या सहा मैत्रिणी सासरहून आल्या की तीही त्यांच्यात माहेरवाशीण होऊन जायची. त्या एका दिवसासाठी ती वर्षभर वाटेकडे डोळे लावून बसायची.

तिचे वडील रामराव पाढ्यांचे भारी वेडे. लेक लहान असताना त्यांनी खळ्यावर सहा खडे गोल मांडून तिला एक आकडा शिकवला होता. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. त्याची दुप्पट करा, तिप्पट करा, थेट सहापट करा. अंक तेच, फिरण्याची ओळही तीच, फक्त सुरुवात दुसऱ्या खड्यापासून. दुप्पट केली की दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे चौदा.

चतुरानं खड्यांच्या जागी पोरी उभ्या केल्या. एक, चार, दोन, आठ, पाच, सात असा सहा जणींचा फेर, आणि मधात ही. हिनं 'दुणे' म्हटलं की दोनवालीनं आधी आपला अंक म्हणायचा आणि बाकीच्यांनी ओळीनं पुढे. 'त्रिक' म्हटलं की चारवालीनं. काय मजेचे दिवस होते ते!

गोजर सगळ्यांत धाकटी, आणि राग सदा नाकावर. तिच्या वाट्याला एक आला तशी ती फुरंगटून बसली. मीच का सगळ्यांत लहान, म्हणाली. रामरावांनी तिला जवळ घेतलं. "सातीपत्तर दम धर, बाई."

कारण सातपट केली की तो आकडा फिरायचा थांबतो आणि सहाही जागी नऊच येतात. लहानमोठं कुणी उरत नाही. मग काय, 'साती' ऐकलं की गोजरचा 'नऊ' सगळ्यांत मोठा. पुढे ती जाफराबादला नांदायला गेली, दोन लेकरांची आई झाली, तरी पंचमीला तिचा नऊ वेशीपर्यंत ऐकू जायचा.

मग एका वर्षी पटकीची साथ आली आणि तिच्यात गोजर गेली.

त्या पंचमीला पाचच जणी आल्या. यंदा फेर नको, असं चतुराबाईनं आधीच सांगून टाकलं. तिच्यात त्राणच नव्हतं. पण थोरली द्वारका ऐकेना. गोजरची जागा मोकळी ठेवू, पण फेर धरू, म्हणाली. दुणे झालं, त्रिक झालं. गोजरची पाळी आली की सगळ्या घडीभर गप्प राहायच्या आणि मग पुढची आपला अंक म्हणायची. सक झालं आणि चतुराबाई अडली. तिनं डोळ्याला पदर लावला. इथंच पुरं, म्हणाली.

द्वारकानं शेजारणीचा हात सोडला नाही.

"साती म्हण, चतुरे. आपल्या गोजरला येकच ठिवती का?"

चतुराबाईनं पदर खाली घेतला आणि साती म्हटलं. पाच जणींनी पाच नऊ म्हटले. सहावा तिनं स्वतः म्हटला, गोजरच्या जागी उभी राहून, वेशीपर्यंत जाईल असा.