तेवीस मेंढ्या आणि खंडेनवमीची फुले

नाईक बिरू कोळेकर नऊ नोव्हेंबरला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सडकेवरच्या तीन नंबर पिकेटवर गोळी लागून मरण पावला. त्याआधी सतरा दिवस, खंडेनवमीला, आमच्या कंपनीच्या बंदुकांना त्याने वाढवलेल्या झेंडूच्या माळा घातल्या होत्या. १९२०च्या दशकाची ती अखेर होती. आमची पलटण बलुचिस्तानातल्या एका छावणीत होती. मी त्या कंपनीत सिग्नलर होतो.

छावणी साडेपाच हजार फुटांवर होती. डिसेंबरपासून बर्फ पडे आणि पाऊस थंडीतच येई. जून ते सप्टेंबर आकाश कोरडे असे. माझे गाव माढा तालुक्यातले. बिरू सांगोल्याकडचा धनगर. आमचे सुभेदार जगताप करमाळ्याचे. त्यांना फॅमिली क्वार्टर मिळाले होते. दोन खोल्या, पुढे अंगण आणि अंगणाच्या उत्तरेला पुरुषभर उंचीची दगडी भिंत. सुभेदारांच्या पत्नीला आम्ही सगळे आक्का म्हणत असू.

आक्कांनी पहिल्या वर्षी करमाळ्याहून दसऱ्याच्या जुन्या तोरणाची सुकी फुले आणली होती. आपल्याकडे झेंडूचे बी कुणी विकत घेत नाही. तोरण वाळते, मृगाला ते चुरगाळून टाकतात, दसऱ्याला पुन्हा फुले येतात. आक्कांनी तेच केले. मृगाला बी टाकले आणि पावसाची वाट पाहिली. पाऊस आला नाही. मग धुण्याभांड्यांचे पाणी घालून त्यांनी झाडे कमरेएवढी वाढवली. दसरा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होता. त्या दिवशी झाडांवर कळ्या होत्या, फूल एकही नव्हते. पुढच्या आठवड्यात पहाटे हिव पडले आणि कळ्यांसकट झाडे काळी झाली.

मराठा पलटणीत खंडेनवमीचे शस्त्रपूजन हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. मैदानी मुलखातून रेल्वेने फुलांची करंडी मागवली होती, ती कुजून आली. कंपनीच्या शिंप्याने रंगीत कागदाची फुले कापली. बंदुकांना तीच वाहिली. जानेवारीत सडकेच्या बंदोबस्तावर आमचे दोन शिपाई मारले गेले. जुने लोक आपसात बोलू लागले की शस्त्राला कागद वाहिला होता. सुभेदारांच्या कानावर ते गेले. ते म्हणाले, "बंदूक तेलावर चालते, फुलावर नाही." बोलणे थांबले नाही. ते दोघे शिपाई बिरूच्या सेक्शनमधले होते.

बिरूकडे त्या वेळी रेशनच्या मेंढ्यांचे काम होते. मटणासाठी सप्लाय यार्डात जिवंत मेंढ्या ठेवत. त्या चारणे, मोजणे आणि संध्याकाळचे रिट्रीटचे बिगुल व्हायच्या आत यार्डात कोंडणे एवढी ड्यूटी. लोक त्याला चिडवत, "धनगरा, सरकारनं तुला हितं बी मेंढरंच दिली व्हय?" तो म्हणे, "मेंढरं बरी. ती पाठीमागं बोलत न्हाईत."

फेब्रुवारीच्या अखेरीस तो आक्कांच्या दारात उभा राहिला.

"आक्का, बी हाय का अजून?"

"भावानं पाठवलंय पुडीभर. कशाला?"

"अवंदा फुलं काढायची."

"काढून बघितली की मागल्या साली. इथल्या मातीला आपली भाषा कळत नाही."

"मातीला कळती. आपल्यालाच तिची कळंना. ईचारून येतो."

विचारायला तो ऑफिसर मेसच्या माळ्याकडे गेला. माळी हजारा जमातीचा होता, साठीच्या पुढचा. सगळे त्याला बाबा म्हणत. मेसच्या बागेत डेलिया, गुलखैरा, पॅन्सी अशी साहेबांची फुले तो वाढवत असे. त्याने बिरूचे ऐकून घेतले आणि सांगितले, "पहले अपना कैलेंडर मुल्क में छोड़ के आओ."

मग त्याने पद्धत सांगितली. बी मार्चअखेर डब्यात पेरायचे. डबा दिवसा उन्हात, संध्याकाळी घरात. तुतीला पान फुटेपर्यंत रोप जमिनीत लावायचे नाही. सगळ्या झाडांत तुती शेवटी जागी होते, ती जागी झाली की हिव संपले. वाफा दक्षिणेला तोंड असलेल्या भिंतीच्या पायाशी हवा. दिवसभर तापलेला दगड रात्री झाडाला ऊब देतो. रोप वीतभर झाले की शेंडा खुडायचा.

आक्कांनी तुपाचे अकरा रिकामे डबे जमवले. बिरूने त्यांना खिळ्याने भोके पाडली आणि मेंढ्यांच्या लेंडीचे जुने खत मातीत कालवले. दीड महिना ते डबे रोज सकाळी अंगणात आणि संध्याकाळी सुभेदारांच्या खाटेखाली जात. सुभेदार एकदा मला म्हणाले, "आमच्या क्वार्टरात झेंडूला पलंग आहे. मी पाहुणा आहे."

मेच्या पहिल्या आठवड्यात मेसच्या तुतीला पाने आली. भिंतीच्या पायाशी बारा फुटांचे दोन वाफे केले आणि चव्वेचाळीस रोपे लावली. बाबाने कडेला गुलखैऱ्याची सहा रोपे दिली. ती पुढल्या वर्षी फुलतील, बर्फाखाली झोपल्याशिवाय फुलत नाहीत, असे त्याने सांगितले. आक्का म्हणाल्या, "म्हणजे बदलीवर आलेली आहेत." ऑगस्टच्या शेवटी झेंडूचे पहिले फूल उमलले. लोक पाळी लावून पाहायला आले. बिरू अंगणाच्या दारात उभा राहून सांगे, "बगायचं. हात लावायचा न्हाय."

एक अडचण मात्र उरली. त्या वर्षी अधिक महिना आला होता. दसरा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेला. खंडेनवमी तेवीस तारखेला होती. बाबाच्या हिशेबाने हिव त्याआधी पडायला हवे होते.

वीस ऑक्टोबरला दुपारी चार वाजता बिरू सिग्नल टेकडीवर माझ्याकडे आला. आकाश स्वच्छ होते. वारा नव्हता.

"तुजं कांबळं दे."

"का?"

"मेंढरं एकमेकींच्या पोटात तोंड घालून उबी हायत. पाटेला हिव पडनार. खंडेनवमीला तीन दिस हायत."

"सरकारी कांबळं झाडावर घालणार?"

"तुज्यावर घालून काय फुलं येनार हायत?"

मी कांबळे दिले. आणखी चौघांनी दिली. तंबूच्या काठ्या रोवून वाफ्यांवर पाच कांबळी ताणली. एक वाफा झाकला, दुसरा निम्मा उघडा राहिला. बिरू यार्डाकडे निघून गेला. साडेपाचला रिट्रीट झाला. पावणेसहाला तो मेंढ्या घेऊन अंगणात आला.

धनगराला शेतकरी शेतात मेंढरे बसवायला बोलावतो. रात्रभर कळप एका जागी बसतो, शेताला खत मिळते. जिथे कळप बसतो तिथली जमीन पहाटेपर्यंत गरम राहते, हे धनगराला ठाऊक असते. बिरूने खेचरांच्या लाइनमधून, म्हणजे तबेल्यातून, गवत भरायच्या जाळ्या आणल्या होत्या. वाफ्याच्या तीन बाजूंना जाळ्या बांधल्या. चौथ्या बाजूला भिंत होती. जाळ्यांना लागून त्याने मेंढ्या दाटीने बसवल्या.

सुभेदार सहा वाजता आले. मी तिथेच होतो.

"कोळेकर, हे काय?"

"मेंढरं बसवल्यात, साहेब."

"कुणाच्या हुकमानं?"

"हुकूम न्हाय, साहेब. गार हाय."

सुभेदारांनी वाफ्याकडे पाहिले. सरकारी जनावर रिट्रीटनंतर यार्डाबाहेर असणे हा गुन्हा होता आणि पाहिल्यावर रिपोर्ट करणे त्यांचे काम होते. ते म्हणाले, "सकाळी सहाला रिपोर्ट करीन. तोवर मी जेवतो." ते आत गेले. आक्कांनी बिरूला भाकरी आणि गुळाचा चहा बाहेर आणून दिला. एक मेंढी उंबऱ्यापर्यंत आली. आक्का तिला म्हणाल्या, "तू पण ये गं. एवढंच राहिलंय."

सकाळी साडेपाचला पंपाजवळच्या बादलीत बोटभर जाड बर्फ होता. मेसच्या बागेतले डेलिया काळे पडून लोंबत होते. आमच्या अंगणात उघड्या अर्ध्या वाफ्यातली बाहेरची ओळ जळली होती. एका मेंढीने जाळीतून मान घालून दोन झाडे खाल्ली होती. बाकी सगळी झाडे फुलांसकट उभी होती. बिरू कांबळ्यांची घडी घालत होता. त्याच्या कोटात नुकते जन्मलेले कोकरू होते.

बाबा मेसकडून चालत आला. त्याने अंगणभर पडलेल्या लेंड्या पाहिल्या. "खाद भी डाल दिया," एवढे बोलून तो परत गेला.

सुभेदारांनी सहाला रिपोर्ट केला. अकरा वाजता ऑर्डरली रूममध्ये सुनावणी. कंपनी कमांडर मेजरसाहेब हिंदुस्थानी बोलत, मराठीसाठी सुभेदार दुभाषे. क्वार्टर मास्टर हवालदाराने आरोप वाचला.

"मेंढ्या किती नेल्या?" मेजरसाहेबांनी विचारले.

"तेवीस, साहेब."

"परत किती आणल्या?"

"चोवीस."

हवालदार म्हणाला की जास्तीची मेंढी कुठे लिहायची ते त्याला माहीत नाही.  मेजरसाहेबांनी निकाल दिला. रेप्रिमांड, म्हणजे कडक ताकीद. मेंढ्यांच्या कामावरून कमी. नाईक कोळेकर आजपासून आपल्या प्लॅटूनमध्ये रुजू.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारले, "वाईट वाटलं का?"

"कशाचं? मेंढरं घरी हायतच की. बंदूक घ्यायला आल्तो, ती आता मिळाली."

तेवीसला सकाळी फुले तोडली. आक्का आणि इतर दोन बायकांनी माळा केल्या. सकाळी नऊला कंपनीच्या सगळ्या बंदुका मांडून पूजा झाली. प्रत्येक बंदुकीला झेंडूची माळ होती. बिरूने आपली बंदूक शेवटी ठेवली. तिच्यापर्यंत चांगली फुले उरली नाहीत. जळलेल्या ओळीतली, कडा काळ्या पडलेली नऊ फुले ओवून त्याने तिला घातली. दुसऱ्या दिवशी लोकांनी आपापल्या माळा काढून टाकल्या. बिरूने आपली फडक्यात बांधून पेटीत ठेवली. मी विचारले तेव्हा म्हणाला, "हिवात बी टिकली ती. ह्याचंच बी धरायचं. आबाला दीन."

आबा म्हणजे त्याचे वडील.

नऊ नोव्हेंबरला सडक उघडायची पाळी आमच्या कंपनीची होती. काफिला जाण्याआधी सडकेच्या दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर लहान तुकड्या चढून बसतात, त्यांना पिकेट म्हणतात. बिरूचा सेक्शन साडेसातला तीन नंबर टेकडीवर चढला. मी खाली हेलिओवर होतो. हेलिओ म्हणजे आरशाने उन्हाचे ठिपके पाठवण्याचे यंत्र. आठ वाजून चौदा मिनिटांनी तीन नंबरवरून लखलख सुरू झाली. मी वाचत गेलो आणि शेजारचा शिपाई लिहीत गेला.

"एक कॅज्युअल्टी. डेड. बाकी ठीक."

मी विचारले, "नाव द्या."

"कोळेकर."

मी "मिळाले" असे कळवले आणि संदेश सुभेदारांकडे दिला. त्यांनी वाचून घड्याळ पाहिले आणि मागे वेळ लिहिली. काफिला साडेनऊला निघाला. दुपारी साडेचारला दहन झाले. संध्याकाळी बराकीत फुलांचा विषय कुणी काढला नाही. सुभेदार त्या रात्री जेवले नाहीत, असे आक्कांनी मला नंतर सांगितले. मेंढ्यांचा तो रिपोर्ट त्यांच्या सहीचा होता.

मृताच्या सामानाची यादी मी केली. कपडे, लोटा, खंडोबाचा टाक, घरची चार पत्रे, फडक्यात सुकी फुले. तपासणारे लेफ्टनंटसाहेब नवे होते. त्यांनी फडके उघडून विचारले, हे काय. मी सांगितले, "सीड, सर." त्यांनी यादीत तसे लिहून घेतले.

मे महिन्यात मला दोन महिन्यांची रजा मिळाली. निघताना आक्कांनी जपून ठेवलेले बिरूचे फडके माझ्याकडे दिले. तुपाचे डबे त्यांनी पुन्हा पेरले होते. गुलखैरा बर्फाखालून वर आला होता. मी माढा स्टेशनात उतरलो, घरी चार दिवस राहून सांगोल्याकडे गेलो. धनगर पावसाळ्यापूर्वी कळप घेऊन गावी परततात, त्यामुळे आबा भेटले. झोपडीपुढे बसले होते. मी सगळे सांगितले. मेंढ्यांचे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "जाळी कशाची हुती?"

"खेचरांच्या गवताची."

"वाघर न्हवती?"

"तिथे कुठली वाघर?" वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायची धनगरांची दाट विणीची जाळी.

"मग कडंची झाडं खाल्ली असतील."

"दोन खाल्ली."

"व्हय. गवताच्या जाळीचं भोक मोटं." त्यांनी फडके सोडले. नऊ फुले मोजली. "काय इलाज न्हवता त्याला."

मृगाचा पाऊस पडला त्या दिवशी मी तिथे होतो. आबांनी झोपडीच्या पश्चिमेला हातभर रुंदीची पट्टी खुरप्याने हलवली आणि फुले चुरगाळून टाकली. सभोवती वाघर बांधली. जूनअखेर मी पलटणीत परतलो.

दसऱ्यानंतर दहाव्या दिवशी पोस्टकार्ड आले. गावच्या मास्तरांच्या अक्षरात होते. आक्कांनी ते क्वार्टरात माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. सुभेदार ऐकत होते. आबांनी कळवले होते की रोपे एकतीस उगवली. दसऱ्याला एकोणतीस झाडांवर फुले होती. मेंढरांनी दोन खाल्ली.