तिसऱ्या गिअरचा चढ

"आणि पंपाला बोलायचं नाही," ताई चौथ्यांदा म्हणाली.

"मग काय टायरला बोलू?" हे उखडले. "फिल्टर बदलला, नळ्या बदलल्या, नोझल साफ करून घेतले. हवेची जाळीसुद्धा नवी टाकली. उरलं कोण? तुझा पंप."

"तो मी माझ्या हातानं जुळवलाय."

"म्हणूनच कुणी हात लावत नाही त्याला! मिस्त्री म्हणतो, तुमच्या बहिणीचं काम आहे, मी उघडणार नाही. आणि गाडी चढावर अशी बसते, की मागची सायकल पुढे जाते."

"सायकलवाला दणकट असेल," सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या. त्यांना भांडण मोडायचं नव्हतं, फक्त त्यात जागा हवी होती.

ताई म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. गाडी म्हणजे आमचा बावीस वर्षांचा ट्रक. गेला दीड महिना तो सपाटीवर नीट पळायचा आणि मोठ्या चढावर अर्ध्यात धाप टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला भंगारवाला येणार होता. ट्रक गेला की हे एका कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जाणार होते, लांबच्या मार्गावर. दोन महिन्यांतून एकदा घरी. तेवढं बोलणं होऊन गेलं होतं. मी होकार दिला नव्हता आणि नकारही. आमच्या घरात त्यालाच संमती म्हणतात.

ताईनं एकतीस वर्षं इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपांच्या दुरुस्तीत काढली. एका वर्कशॉपमध्ये सुटे भाग धुवायला म्हणून लागली आणि सात-आठ वर्षांत पंप तपासायच्या टेबलावर बसली. तिथली खोली मी एकदा पाहिली होती. दारात चपला काढाव्या लागत. खिडक्या बंद, टेबलावर पांढरं कापड, त्यावर रांगेनं मांडलेले बोटाएवढे भाग. बाहेर अंगणात ग्रीसचा चिखल, आणि आत माझ्या स्वयंपाकघराला लाज वाटावी असली स्वच्छता. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "पंपवाले साहेब आहेत का?" ताई मान वर न करता म्हणायची, "बोला." मग तो माणूस तिच्या मागे कुणी दिसतंय का ते बघायचा. ती त्याला पुरेसा वेळ बघू द्यायची.

तिची कामाची एक पद्धत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग त्याच रस्त्यानं पुन्हा जाऊन बघायचं. आणि काय बिघडलं हे ती आधी विचारायचीच नाही. विचारायची, "बिघडायच्या आधी शेवटचं काय चांगलं केलंत?" लोकांना मोडलेलं आठवतं, म्हणायची, सुधारलेलं आठवत नाही. सासूबाई सांगतात, हिला बघायला आलेल्या मुलानं डोकं दुखतं म्हणून पाणी मागितलं, तर हिनं त्याला हेच विचारलं. तो उठला तो गेलाच. ताईला त्याचं कधी वाईट वाटल्याचं मला तरी दिसलं नाही.

खरं सांगायचं तर लग्न होऊन आल्यावर बरीच वर्षं मला ती जड जायची. माझ्या डब्यांची झाकणं पुसून ठेवायची. न बोलता. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

"बरं, सांग," ताई ह्यांना म्हणाली. "शेवटचं काय चांगलं केलंस?"

"सीटला नवं कव्हर शिवलं."

"गाडीचं विचारतेय."

"गाडीचंच आहे ते! बाकी काही नाही. चार गोष्टी बदलल्या त्या बिघडल्यावर, एकाच दिवशी."

"एकाच दिवशी चार," ताई म्हणाली आणि डोळे मिटले. एखाद्याला दुखणं सांगावं आणि त्यानं पोटावर गुद्दा मारावा तसा तिचा चेहरा झाला. मग ती उठली. "शेवटची खेप भरलेली आहे ना? चल. तूही चल गं, आरशात धूर बघायला माणूस लागतं."

म्हणून मी निघाले. मागे फरश्या भरलेल्या, पुढे आम्ही तिघं. ताई मधे बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत दोन पेचकस आणि एक पांढरा कपडा. चढ सुरू झाला तसा ह्यांनी तिसरा गिअर टाकला. पहिलं वळण, दुसरं वळण ठीक गेलं. तिसऱ्या वळणानंतर पायाखालचा आवाज पातळ झाला. हे पाय दाबत होते आणि गाडी ऐकत नव्हती.

"धूर?" ताईनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"काळा? नीट बघ."

"काहीच नाही हो."

"काळा असता तर हवा कमी पडतेय म्हटलं असतं. धूरच नाही म्हणजे जेवणच पोचत नाही. उपाशी आहे ही." तिनं समोरच्या काट्यांकडे पाहिलं. "तापलेलीही नाही. थांबव."

"दहा मिनिटं थांबलं की आपोआप निघते," हे म्हणाले. "दम खाते बिचारी."

"यंत्राला दम लागत नाही रे. दहा मिनिटांत काहीतरी घडतं, तेव्हा ती निघते. काय घडतं, ते बघायचं."

ह्यांनी बॉनेट उघडायला घेतलं, तर तिनं हातानंच थांबवलं. इंजिनापासून निघालेल्या नळीवर बोट ठेवून ती मागे मागे चालत गेली, वाकून, एकेक हात सरकत, जिथं नळी वळते तिथं दाबून बघत. अडुसष्ट वर्षांची बाई, भर उन्हात, रस्त्याच्या कडेला. शेजारून जाणाऱ्या एका गाडीतून कुणीतरी विचारलं, "आजी, काही हरवलं का?" "सापडेल," ती म्हणाली.

नळी टाकीपाशी संपली. ताईनं टाकीच्या झाकणावर तळवा ठेवला आणि झाकण फिरवलं. ते हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा सुटलं, आणि टाकीनं श्वास घेतला. खरोखर घेतला, लांब, पाण्यात बुडालेलं माणूस वर आल्यावर घेतं तसा.

ताईनं झाकण उलटं केलं.

आत माझ्या जुन्या कुकरची रबरी रिंग होती, कापून बरोबर मापानं बसवलेली. झाकणाच्या मधलं बारीक भोक खिडकीच्या काचांना लावतात त्या लांबीनं बुजवलेलं होतं, वरून बोटानं गुळगुळीत केलेलं. तिथून वळणावर डिझेल उडायचं, टाकीवरून ओघळायचं, आणि ह्यांच्या पँटच्या एका पायाला रोज डाग. साबणानं जाईना, उकळून जाईना, बाकीच्या कपड्यांनाही वास. एका रविवारी मी झाकण घरात आणलं आणि काम करून टाकलं. डाग थांबले. रोज पेट्रोल पंपावर टाकी भरणारा माणूस झाकण उघडत असे, ह्यांनी ते पाहिलंही नव्हतं. ताईनं विचारलं तेव्हा मी गप्प बसले ते काही लपवायला नव्हे. माझ्या लेखी ते गाडीचं काम नव्हतंच. धुण्याचं होतं.

"हे कुणी केलं?" हे म्हणाले. "कुठल्या गाढवानं—"

"मी," मी म्हणाले.

मी ताईकडे बघितलं. इतक्या वर्षांचं काय काय ती आता एका वाक्यात वसूल करू शकली असती. तिच्या पंपाला दीड महिना शिव्या बसल्या होत्या त्याही.

तिनं रिंगेवरून अंगठा फिरवला. "हात चांगला आहे तुझा," ती म्हणाली. "एवढं हवाबंद आमच्या वर्कशॉपात दोघांनाच जमायचं. पण तेल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते गं. नाहीतर टाकी तेल धरून ठेवते. सपाटीवर थोडं लागतं, तेवढं सोडते. चढावर जास्त मागितलं की नाही म्हणते."

"आणि दहा मिनिटांनी?"

"कुठून तरी हवा झिरपते. तोच हिचा दम."

बारीक पेचकसानं तिनं लांबी उकरून काढली, कपड्यानं भोक पुसलं, त्यातून आभाळाकडे पाहिलं. रिंग तशीच ठेवली. "ही राहू दे, छान बसलीय. आत पडदा असलेलं झाकण मिळतं, ते आण. हवा घेतं, तेल सांडत नाही. तोवर हा आपली पँट आपण धुईल."

गाडी निघाली ती तिसऱ्या गिअरमध्ये थेट माथ्यापर्यंत. ह्यांनी माल उतरवायला गाडी वळवली, तर ताई म्हणाली, "आधी खाली घे."

"खाली? भरलेली?"

"दहा मिनिटं थांबून निघालो, तशी ती रोजच निघते. त्यात काही कळलं नाही. पायथ्यापासून, न थांबता, याच वजनाला."

"ताई, चढली ना आता!"

"ते तुझं नशीब असेल. पुन्हा चढव."

हे चरफडले, पण खाली गेले. पुन्हा तेच वळण, दुसरं, तिसरं. आवाज पातळ झाला नाही. चौथं वळण गेलं, पाचवं गेलं. मी आरशात बघत राहिले. धूर किंचित, राखाडी, जेवल्याचा. ह्यांचे कान लाल झाले होते. माझ्या लक्षात आलं, की ताई रस्त्याकडे बघतच नव्हती. डोळे मिटून पंप ऐकत होती. माथ्यावर पोचल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता उतरव माल."

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. सासूबाईंनी दारातच विचारलं, "काय निघालं?"

"झाकण," ताई म्हणाली आणि हात धुवायला मोरीत गेली. कोपरापर्यंत, दोनदा साबण लावून. कुणाचं झाकण, कुणी लावलेलं, काही नाही. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी चहा ठेवला.

हे उंबऱ्याशी बूट काढत होते. एक काढला आणि दुसरा तसाच ठेवून उठले. बाहेर जाऊन दोन फोन केले, थोडक्यात. परत आत आले, एका पायात बूट तसाच.

"गाडी विकत नाही," हे म्हणाले. "भंगारवाल्याला येऊ नको सांगितलंय. कंपनीलाही नाही म्हणून कळवलं. सोमवारी फरशीची खेप घेतोय, रात्री घरी जेवायला असेन."