फुलटोच्याचं बोट

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत विमलाबाई ठोसरांचा टीव्ही हल्ली तिसऱ्या मजल्यावरून थेट वॉचमनला ऐकू येतो. शेजारी बसून बोललेलं कळतं, पण बेल कितीही दाबली तरी दार उघडत नाही. विचारायची मात्र सोय नाही. विचारलं की म्हणतात, "बेल बिघडली आहे."

जन्मभर त्या कानांवर जगल्या. कल्याणच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायच्या. निवृत्त झाल्यावर तेच कान त्यांनी पक्ष्यांकडे वळवले आणि आम्हा चार रिकामटेकड्यांना रविवारी रानात हिंडवायला लागल्या. मी पक्ष्यांसाठी जाते असं म्हणणं खोटं आहे. मी त्यांच्या डब्यातल्या थालीपिठांसाठी जाते.

त्यांनी एकदा सगळ्यांसमोर एक पण केला होता. फुलटोच्या म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी, आवाज अगदी बारीक. "ज्या दिवशी हा मला ऐकू येणार नाही, त्या दिवशी दुर्बीण देऊन टाकीन आणि घरी बसेन." विमलाबाई बोललेलं करतात, हाच तर वैताग. दुर्बीण गेली तर या बाईकडे त्या टीव्हीशिवाय काय उरणार, या विचाराने यंदा मला धडकी भरली होती.

होळीनंतरच्या रविवारी खडवलीला उतरून आम्ही गावामागच्या तलावावर गेलो. तिथे बाई एकदम फॉर्मात. टिबुकलीने बुडी मारली की ती कुठे वर येईल ते आधीच सांगत होत्या, हळदीकुंकू बदकांची जोडी दाखवून आमच्यातल्या हितेशच्या लग्नाची चौकशी करत होत्या. पाण्यावर काम डोळ्यांचं. मी म्हटलं, इथूनच परत जाऊ या, ऊन वाढलंय.

"रुपाली, तुला भूक लागली आहे," त्या म्हणाल्या. "आधी बैठक, मग डबा."

बैठक ही त्यांचीच पद्धत. तलावामागच्या रानात जुन्या आंब्याखाली गोल बसायचं, डोळे मिटायचे, पंजा उघडा गुडघ्यावर ठेवायचा. नवा पक्षी ऐकू आला की एक बोट मिटायचं. बोलायचं नाही.

तांबटाची टुकटुक आली, एक बोट मिटलं. लांबून भारद्वाज घुमला, दुसरं मिटलं. मग अगदी डोक्यावर 'चिक्, चिक्'. फुलटोच्याच. मी डोळे उघडले.

विमलाबाईंचे डोळे सताड उघडे होते. त्या आमच्या गुडघ्यांकडे बघत होत्या. इतरांची बोटं मिटलेली पाहून त्यांनी आपलंही हळूच मिटलं, परीक्षेत शेजारणीचं बघून लिहिणाऱ्या पोरीसारखं. मला रडूच आलं. मी पटकन डोळे मिटून घेतले.

बैठक संपल्यावर हितेश म्हणाला, "काकू, फुलटोच्या! तुमचं बोट तर आमच्या आधी मिटलं असेल."

हो म्हणायला काय जात होतं? पण त्यांनी मिटलेलं बोट उघडलं. "नाही. मला ऐकू आला नाही. तुमची बोटं बघून मिटलं." आणि गळ्यातली दुर्बीण काढून शेजारी बसलेल्या समीक्षाच्या गळ्यात घातली.

समीक्षा बिचारी बावरली. तिने दुर्बीण डोळ्यांना लावून वर बघितलं. "पण आहे कुठे हा? आवाज येतोय, दिसत काहीच नाही."

"पानांत काय शोधतेस? फांदीवर ते बांडगूळ आहे ना, त्याच्या फळांकडे बघ. तिथेच येईल."

"आला, काकू! आला!"

विमलाबाई मान वर करून बघत राहिल्या. "अजून बोलतोय का गं?"

"हो."

"कसा?"

समीक्षाने माझ्याकडे बघितलं. मीच पुढे सरकले. मला साधी शीळ येत नाही. त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडले, "चिक्! चिक्!" तलावावरचे बगळेसुद्धा उडाले असतील.

"इतका बेसूर नाही तो," बाई म्हणाल्या. "तुटक कर जरा."

मी तुटक केला. "ऐकू आला ना? मग दुर्बीण घ्या परत," मी दरडावलं. मी पुन्हा ओरडले.

त्यांनी पंजा गुडघ्यावर ठेवला, डोळे मिटले आणि एक बोट मिटलं.