मामीचा पाण्यातला चष्मा

माझी मामी टिकली बघून दचकायची. पालमकडच्या आमच्या गावात ती पदर कमरेला खोचून विहिरीत धाडकन सूर मारायची, पाण्यात साप दिसला तर शेपटीला धरून काठावर भिरकावायची. पण हळदीकुंकवात कुणी टिकलीचं पाकीट पुढं केलं की दोन पावलं मागं. टिकलीच्या गोंदानं तिच्या कपाळावर एकदा फोड उठले होते आणि मागं पांढरा डाग राहिला होता. त्या डागावरच ती ठसठशीत कुंकू लावायची. "माझी कातडी लय शहाणी हाय," म्हणायची, "नको ते लावलं की लगेच बोंबलती." मामीला जाऊन आता वर्ष होत आलं.

दर उन्हाळ्यात गावातल्या पोरींना पोहायला शिकवायचं, हे तिनं स्वतःहून अंगावर घेतलेलं काम. पोरीच्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधायचा, पाण्यात ढकलायचं आणि मागोमाग आपण उडी मारायची. मलाही तिनं अशीच ढकलली होती आणि माझी किंकाळी म्हणे पार वेशीपर्यंत ऐकू गेली होती. विहिरीच्या दगडी बांधकामात पाण्याच्या पातळीला एक कपार होती. ती धरायला लावून मामी ओरडायची, "कपार सोडू नको, पाय मार!" आयांनी कुरकुर केली की तिचं उत्तर तयार असायचं: "पोरीला भाकरी आली न्हाई तर उपाशी राहील. पोहायला आलं न्हाई तर राहीलच न्हाई." आया पोरी पाठवायच्या, पण एका अटीवर. मामी स्वतः पाण्यात असली पाहिजे.

म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी "विहिरीचं पाणी डोळ्यांत जाता कामा नये, पोहण्याचा चष्मा लावल्याशिवाय उतरायचं नाही" असं बजावलं, तेव्हा नुसती मामीच नाही, अख्ख्या गावाच्या पोरी काठावर बसल्या. उन्हाळा तोंडावर आला होता. मी परभणीत राहते, तेव्हा चष्म्याची कामगिरी माझ्यावर आली.

मला वाटलं, चष्मा तो चष्मा. खेळण्यांच्या दुकानातून काळ्या रबराचा एक घेतला आणि पाठवून दिला. चार दिवसांनी गावी गेले तर मामीला बघून मी उंबऱ्यातच थिजले. दोन्ही डोळ्यांभोवती लालभडक गोल वळ, पापण्या सुजून टम्म, आणि त्यातून ती माझ्याकडं बघून हसायलेली!

"माय गं! मामी, तू विहिरीत उतरलीस?"

"कुठलं उतरते? घरीच लावून जवारी निवडत बसले होते. म्हटलं, आधी सवय करावी." मग गालावरून हात फिरवत म्हणाली, "नुसत्या जवारीनं एवढं झालं, तर पाण्यात काय झालं असतं गं?"

दुसरा आणला तो कडेला मऊ स्पंज असलेला. स्पंज म्हणजे गादीच, असा माझा हिशोब. तो स्पंज गोंदानं चिकटवलेला असतो हे मला ठाऊक नव्हतं. मामीच्या कातडीला मात्र लगेच कळलं. "ही टिकलीचीच बहीण हाय," म्हणून तिनं तो खुंटीला टांगला. अंगणात पोरी रोज येऊन विचारायच्या, "मामी, कधी?" आणि ती घरात निघून जायची.

शेवटी तिला परभणीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रबर नको, स्पंज नको, गोंद नको. मऊ सिलिकॉनची कड असलेला चष्मा घ्या, असं त्यांनी सांगितलं. पट्टा न लावता डोळ्यांवर दाबला आणि क्षणभर तसाच चिकटून राहिला, तर तो आपल्या चेहऱ्याचा. पट्टा आवळायचा नाही. पोहून झालं की चष्मा आणि चेहरा दोन्ही स्वच्छ पाण्यानं धुवायचे. आणि नवीन काहीही आधी दंडाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं.

हे शेवटचं मामीनं फारच मनावर घेतलं. दुकानात पाच-सहा चष्मे डोळ्यांवर दाबून पाहिले, एक टिकला, तो तिनं सरळ दंडाला बांधला. "दादा, उद्यापर्यंत बांधून ठिवते. खाजलं तर वापस."

दुकानदार आ वासून बघतच राहिला. "मावशी, हा डोळ्याला लावायचा असतो."

"डोळे दोनच हायेत बाबा," मामी म्हणाली. त्या रात्री माझ्या घरी तिनं दंडाला चष्मा बांधूनच भाकऱ्या थापल्या. सकाळी दंड स्वच्छ!

तरी गावी गेल्यावर चौथ्या दिवशी फोन, की कानामागं आग व्हायलीय. मी तशीच एसटी पकडली. बघते तर काय, पट्टा सैल वाटला म्हणून मामीबाईंनी तो काढून सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून लावलेली! आमच्याकडे बाजेचा पाय असो की पंपाचा पाइप, सगळं ट्यूबनंच बांधतात. त्याच सवयीनं तिनं जे रबर टाळायला एवढी वणवण केली, तेच डोक्याला गुंडाळलं होतं. मी कपाळावर हात मारून घेतला. मूळचा पट्टा पुन्हा लावला आणि कानामागचं बरं झालं तशी मामी विहिरीवर निघाली.

सगळं गाव जमलं होतं. पोरी कॅन बांधून पाण्यात, कपार धरून ओळीनं पाय मारत होत्या. मामीनं सूर मारला. आजवर ती पाण्याखाली डोळे मिटूनच पोहत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं ते उघडे ठेवले. वर आली तेव्हा चेहरा पांढराफटक. "भायेर! सगळ्या भायेर!" मामीला घाबरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. कपारीच्या खालचे दगड केव्हाच सुटून गेले होते. पोरी ज्याला धरून होत्या ते बांधकाम आतून पोकळ होतं, नुसतं अधांतरी.

कुणी उतरू नये म्हणून मामीनं त्याच दुपारी विहिरीच्या पायऱ्यांवर बाभळीच्या काटेरी फांद्या ओढल्या. "एवढा चष्मा आणला, आता काय झालं?" म्हणून आया चिडल्या. मामाही हसला, त्याच्या आज्याच्या वेळची विहीर ती, ढासळेल कशाला? श्रावणात एका सकाळी ती सगळी बाजू कपारीसकट पाण्यात बसली. मी जाऊन पाहिलं, तर कपार कुठं होती तेही कळेना. गाव मामीला शाबासकी द्यायला आलं, तर ती भिंतीकडं तोंड करून बसलेली. "इतकी वर्षं मी लेकरायला तीच कपार धरायला लावली," एवढंच म्हणाली आणि ढसाढसा रडली.

त्यानंतर तिनं फोन करायला सुरुवात केली. पाथरी, सेलू, देवगाव फाटा, जिथं जिथं तिनं शिकवलेल्या पोरी नांदत होत्या तिथं. मलाही आला. मी घाईत होते, भाजी फोडणीला टाकली होती.

"बरी हायेस ना गं?"

"बरी आहे. का गं मामी, काय झालं?"

"काय न्हाई. हायेस ना, बास," ती म्हणाली. "ठिवते. आजून लय जणींला लावायचाय."