तिच्याच पाण्याने तीनदा

तांडेलमामांना थर्मामीटर लागायचा नाही. खोल समुद्रातून वर आलेल्या बाटलीची तोटी उघडली की ते धारेखाली मनगट धरायचे आणि जाहीर करायचे, "अकरा!" पडद्यावर आकडा यायचा, अकरा पूर्णांक दोन. मग यंत्राकडे बघून म्हणायचे, "शिकता आसा, शिकता आसा."

मामा गोव्यातल्या केरीचे. किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्यांवर वाढलेले आणि तीस वर्षं आमच्या संशोधन जहाजावर क्रेनने उपकरणं पाण्यात सोडणारे. मी तिथल्याच पाळी गावची, खाणीची धूळ खाऊन मोठी झालेली. पहिल्या सफरीत तीन दिवस नुसत्या उलट्या! मामा पेज घेऊन यायचे. "लज कसली, बाय? दर्याक नवें मनीस कळूंक जाय न्हय?"

लक्षद्वीपच्या अलीकडे त्या सकाळी मला कोण आनंद झाला! यंत्रावर वरच्या थरातलं पाणी अपेक्षेपेक्षा कमी खारट निघालं. गंगेचं गोडं पाणी मिसळलेलं, थेट बंगालच्या उपसागरातून वळसा घालून आलेलं पाणी! सफरीचे प्रमुख असलेल्या सरांचा यंत्रावर भरवसा नव्हता, पण वर आलेल्या पाण्यातून मी भरलेल्या छोट्या नमुन्याच्या बाटल्यांनीही तीच साक्ष दिली. सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी तर हवेतच होते.

मामांनी मला बाजूला घेतलं. "बाय, बाटल्यो कशान धुयल्यो?"

"नळाच्या पाण्याने."

आमच्याकडे धुळीपायी प्रत्येक भांडं आधी नळाखाली धरतात. हात आपोआप गेला होता.

"तिच्याच उदकान धुवपाची. तीन फावट," मामा हळूच म्हणाले.

नळाचे चार थेंब राहिले तरी खारटपणा उतरणार. माझी साक्षच खोटी! सांगितलं, तर पुन्हा जहाजावर कोण घेणार? तासाभरात जहाज तिथून हलणार होतं. मामा क्रेनपाशी जाऊन उभे राहिले.

मी सरांना सांगितलं. ते लालबुंद झाले, पण त्यांनी जहाज थांबवून ठेवलं. मामांनी उपकरण पुन्हा सोडलं. या खेपेला प्रत्येक बाटली मी तिच्याच, म्हणजे तिच्यात भरायच्या पाण्याने तीनदा विसळून भरली. आकडा आला. किंचित चढलेला, पण कमीच, आणि यंत्राशी नेमका जुळणारा! मी डेकवर अक्षरशः नाचले.

ती मामांची शेवटची सफर. मुरगावला उतरताना मी विचारलं, "मामा, तुम्हीच का नाही सांगितलंत सरांना?"

"नवो आशिल्लों तेन्ना माझी एक बाटली उगडी रावली. खंयच्या थराचें उदक भरलें, देव जाणा. भियालों, कोणाक सांगलें ना. तो खोटो आकडो अजून पुस्तकांत आसा."

"जागा कुठली, मामा?"

मामांनी अक्षांश, रेखांश आणि खोली पाढ्यासारखी घडाघडा म्हणून दाखवली.